मोटारीच्या मागें ट्रेलर



ठाण्याहून कळवा व विटावा ओलांडून बेलापूरच्या रस्त्यास लागलें, कीं नवी मुंबईच्या हद्दींत प्रथम लागतें तें दिघा. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत लोहमार्ग, हमरस्ता, कारखाने व वस्ती अशी या भागाची मांडणी आहे. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व त्यानंतर येथें कारखान्यांची रांग उभी राहिली. १९८९ मध्यें न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झाल्यावर लोखंडी कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांची वर्दळ वाढली. दिघा गांव या रेल्वे स्थानकाचें उद्‌घाटन व्हावयास १२ जानेवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला. पण ट्रेलर म्हणजे काय, हें येथील लहान मुलासही त्यापूर्वींच ठाऊक झालेलें होतें.

तथापि कंटेनरचा ट्रेलर निराळा आणि घरच्या मोटारीमागें जोडावयाचा ट्रेलर निराळा. कंटेनरच्या ट्रेलरचें पुढचें टोंक ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर, जवळजवळ तिच्या मागच्या आंसाच्या माथ्यावर विसावलेलें असतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत त्यास सेमी-ट्रेलर अशी वेगळी संज्ञा आहे. घरगुती मोटारीचा ट्रेलर मात्र मागच्या आंसाच्याही पुष्कळ मागें, गाडीच्या शेपटाशीं एका लोखंडी गोळ्यावर अडकविलेला असतो. हा फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु पुढील सारी तयारी त्याच्याचपायीं करावी लागते.

अशा तयारीचा प्रसंग आतां पूर्वींइतका विरळा राहिलेला नाहीं. ज्यांना एस्‌यूव्ही म्हणतात त्या उंच बांध्याच्या मोटारी मध्यम स्थितींतल्या घरांतूनही दिसूं लागल्या आहेत. २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, व त्यांत मोटारीमागें ओढावयाच्या कॅरॅव्हॅनचाही विचार झालेला आहे. कोणास मचवा न्यावयाचा असतो, कोणास घोडा, तर कोणास गणपतीच्या आधीं गांवच्या घरासाठीं सामान. येथें एक गोष्ट आरंभींच सांगितलेली बरी. नुसतें सामानच न्यावयाचें असेल, तर चालकासह छोटा टेंपो ठरविणें हाच बहुधा शहाणपणाचा व स्वस्त मार्ग होय. ट्रेलर भाड्यानें घेण्याची हौस असणें गैर नाहीं. मात्र त्या हौसेची किंमत रस्त्यावरील तिऱ्हाइतास मोजावी लागूं नये.

ट्रेलरचें सारें शास्त्र आपल्या बैलगाडीवाल्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. गाडी भरतांना ओझें मागें अधिक झालें, तर गाडी उलाळ होते. दांडी वर उचलली जाते, जूं बैलांच्या मानेवरून उठूं पाहतें व गाडीवानाच्या हातीं कांहीं राहात नाहीं. ओझें फार पुढें आलें, तर बैलांच्या माना मोडतात. जाणता गाडीवान पोतीं रचून झाल्यावर दांडी हातानें उचलून पाही आणि मग एखादें पोतें पुढें-मागें सरकवी. मोटारीच्या ट्रेलरचेंही नेमकें हेंच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकीं सुमारें दहावा भाग त्याच्या दांडीवाटे मोटारीवर पडावा, अशी अमेरिकेंतील रीत आहे. तेथें हें प्रमाण शेंकडा १० ते १५ धरतात, तर युरोपांत त्याहून कमी. दहावा भाग साधावयाचा, तर निम्म्याहून थोडें अधिक, म्हणजे शेंकडा साठ सामान ट्रेलरच्या पुढल्या अर्ध्या भागांत रचावें. जड वस्तु तळाशीं व आंसाच्या जवळ असाव्यात.

समजा, ट्रेलर रिकामा ३०० किलोचा असून त्यांत ४५० किलो सामान भरलें. एकूण ७५० किलो झाले व दांडीचा भार ७५ किलो, म्हणजे एका धट्ट्याकट्ट्या माणसाइतका झाला. मोटारीच्या दोन आंसांमध्यें पावणेतीन मीटर अंतर असून जोडणीचा गोळा मागच्या आंसापासून १.२ मीटर मागें आहे असें धरलें, तर तरफेच्या नियमानें मागच्या आंसावर ७५ नव्हे, तर जवळजवळ १०८ किलोंचा भार येतो, आणि पुढचा आंस ३३ किलोंनीं हलका होतो. मोटारीचें वळणें पुढच्या चाकांवर अवलंबून असतें, आणि थांबण्याचा मोठा वांटाही तींच उचलतात. तींच चाकें हलकीं झालीं कीं दोन्ही कामांत उणेपणा येतो. शिवाय दांडीचे हे ७५ किलो मोटारीच्या स्वतःच्या भारक्षमतेंतून वजा करावयाचे असतात. सात माणसें बसवून, टपावर सामान बांधून, वर ट्रेलरही जोडणें हा हिशेब कोठेंच जुळत नाहीं.

आतां मोटारीकडे वळूं. पहिला प्रश्न असा, कीं ही मोटार ओढण्यासाठीं बांधलेली आहे काय? ज्या गाड्यांचा सांगाडा शिडीसारख्या स्वतंत्र चौकटीवर उभारलेला असतो, त्यांना जोडणी बसविण्यास भक्कम जागा असते. स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर या गाड्या त्या जातीच्या. ज्यांचा पत्र्याचा देह हाच सांगाडा असतो, त्या ओढूं शकत नाहींत असें नव्हे. पण त्यांत जोडणीचा ताण कोणत्या ठिकाणीं पोंचवावयाचा, हें कारखानदारानेंच ठरविलेलें असलें पाहिजे. किती वजन ओढतां येईल हा आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत शोधावा. भारतांत विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेंत तो मिळत नाहीं. अशा वेळीं त्याच नांवाच्या परदेशी गाडीचा आंकडा उचलणें ही शुद्ध फसवणूक होय, कारण तिकडील गाडीचा रेडिएटर, गिअरपेटी व ब्रेक येथल्यासारखेच असतील असें नाहीं. पुढच्या वा मागच्या बाजूस दोर बांधण्यासाठीं जें कडें दिलेलें असतें, तें चिखलांतून गाडी बाहेर काढण्यासाठीं, ट्रेलरसाठीं नव्हे. बंपरला वितळजोड करून बसविलेला हूक तर पाहतांक्षणींच नाकारावा. ठाणे-बेलापूर मार्गावर वितळजोडाचे कुशल कारागीर पुष्कळ आहेत. पण कारागिराचें कौशल्य हें कारखानदाराच्या हिशेबाची जागा घेऊं शकत नाहीं.

जोडणीचा गोळा व ट्रेलरची वाटी यांचें माप एकच असलें पाहिजे. युरोपीय पद्धतीचा गोळा ५० मिलीमीटरचा असतो. अमेरिकन गोळे एक पूर्णांक सात अष्टमांश, दोन, आणि दोन पूर्णांक पांच षोडशांश इंच अशा मापांचे मिळतात. ५० मिलीमीटर व दोन इंच यांत फरक एक मिलीमीटरहून थोडा कमी, म्हणून डोळ्यांस तो दिसत नाहीं. खरा धोका लहान गोळ्यावर मोठी वाटी बसविण्यांत आहे. सपाट रस्त्यावर ती बसल्यासारखी वाटते आणि पहिल्या मोठ्या गतिरोधकावर उडते. वाटी बसवून कडी लावली, कीं ट्रेलरच्या पुढच्या आधारचाकानें दांडी वर रेटून पाहावी. मोटारीचें मागचें अंग दांडीबरोबर उचललें गेलें, तर जोड खरा. त्यानंतर दोन सांखळ्या दांडीखालून एकमेकींस छेद देऊन, फुलीच्या आकारांत अडकवाव्या. ही फुली शोभेसाठीं नाहीं. जोड निसटलाच, तर दांडी रस्त्यांत रुतून ट्रेलर कोलांटी खाण्याऐवजीं ती त्या फुलीच्या झोळींत पडते. सांखळ्या वळणावर ताणूं नयेत इतक्या सैल, पण जमिनीस घांसूं नयेत इतक्या आंखूड असाव्यात.

दिव्यांविषयीं आपल्याकडे जी बेपर्वाई आहे, तिचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. उसाच्या हंगामांत कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत ट्रॅक्टरमागें दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रीं ऊस जातो. मागच्या ट्रॉलीस दिवा नाहीं, परावर्तक पट्टी नाहीं, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास ती काळोखांतली भिंत शेवटच्या क्षणीं दिसते. मोटारमालकानें तरी असें करूं नये. अमेरिकेंतील साध्या चार तारांच्या जोडणींत पांढरी तार परतीची, तपकिरी मागच्या लाल दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूच्या इशाऱ्याची व ब्रेकच्या दिव्याची, आणि हिरवी उजव्या बाजूच्या त्याच कामांची. आपल्याकडील ट्रेलरच्या तारा निराळ्या असूं शकतात, म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षां एकानें गाडींत बसून पायपट्टी दाबावी व दुसऱ्यानें मागें उभें राहून पाहावें, हेंच उत्तम.

टायरची हवा थंड असतांना मोजावी. भाड्याच्या ट्रेलरचे टायर झिजून नव्हे, तर उभ्या-उभ्या वयानें निकामी होतात. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. २३१९ असे असतील, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतला. बाजूस बारीक भेगा दिसल्या, तर ट्रेलर परत करावा. मचव्याचा ट्रेलर असेल, तर तो खाडीच्या खाऱ्या पाण्यांत बुडत असतो. त्याच्या चाकांतील छर्‍यांचें वंगण बदललेलें आहे किंवा नाहीं, हें विचारून घ्यावें.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यांत. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकही ट्रेलरच्या मागें दिसला पाहिजे. म्हणजे दिघ्याच्या गाडीचा एमएच ४३ चा क्रमांक ट्रेलरखालीं झांकून जातां कामा नये. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा ट्रेलरलाही लागू आहे, हें विमा कंपनीकडून लेखी घ्यावें. नोंदणीच्या तपशिलाशीं न जुळणारा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, म्हणून जोडणी बसविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें. मालाच्या ट्रेलरवर माणूस बसवूं नये. मूल तर नाहींच नाहीं.

ट्रेलर भाड्यानें देण्याचा धंदा जेथें खरा रुजला, त्या अमेरिकेंत शिकावयास वा नोकरीस गेलेल्या मराठी मुलांस घर बदलतांना त्याचा परिचय होतो. तेथील यू-हॉल ही कंपनी १९४५ मध्यें सुरू झाली. ट्रेलर मागें असतांना ताशीं ५५ मैल, म्हणजे अदमासें ८८ किलोमीटर, ही तिनें घातलेली वेगमर्यादा आहे. २००३ मध्यें या कंपनीनें फोर्ड एक्सप्लोरर या मोटारीमागें आपला ट्रेलर द्यावयाचें बंद केलें. त्या गाडीच्या अपघातांवरून फार खटले चालले होते आणि प्रत्येकांत आपणांस ओढलें जाईल, हें त्या कंपनीचें भय होतें. पुढें नव्या बांध्याच्या गाड्यांपुरती ती मनाई उठली. आपल्याकडील भाडेकरूनें तेवढें सावध राहावें, एवढाच याचा उपयोग.

आतां चालविणें. दोन टनांची मोटार ताशीं ६० किलोमीटरवरून २८ मीटरांत थांबत असेल, तर स्वतःचे ब्रेक नसलेला ७५० किलोंचा ट्रेलर जोडल्यावर तिला ठोकळ हिशेबानें ३८ मीटर लागतील. दहा मीटर म्हणजे कळव्याच्या बाजूनें येणाऱ्या पादचाऱ्यांची एक अख्खी रांग होय. वळतांना ट्रेलरचीं चाकें मोटारीच्या चाकांहून आंतल्या बाजूनें जातात, यास्तव दिघ्याच्या गल्ल्यांतून बाहेर पडतांना कोपऱ्यावरची हातगाडी ध्यानांत ठेवावी. मागें घेतांना हात चाकाच्या खालच्या कडेवर ठेवावा. हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जातो. याचा सराव आधीं मोकळ्या मैदानांत करावा.

वेगांत ट्रेलर शेपटासारखा डोलूं लागला, तर घाबरून ब्रेक दाबूं नये, व वेग वाढवून तो सरळ होईल असेंही मानूं नये. इंधनाची पट्टी सोडावी, चाक सरळ धरावें आणि गाडीस आपोआप मंदावूं द्यावें. थांबल्यावर सामान पुढें सरकवावें, कारण दोष बहुधा तेथेंच असतो.

दिघ्याहून देशावर जावयाचें, तर बोरघाट आलाच. १८६३ मध्यें त्या घाटांतून आगगाडी धांवूं लागली, तेव्हांपासून उताराची धास्ती रेल्वेनें कधीं सोडलेली नाहीं. चढतांना कर्जतला मागून रेटणारीं इंजिनें जोडतात, आणि उतरतांना ब्रेक लागत नसलेली गाडी अडविण्यासाठीं आडमार्ग राखलेले आहेत. मोटारीस असा आडमार्ग मिळेलच असें नाहीं. चढावर इंजिनाचा व आपोआप बदलणाऱ्या गिअरपेटीचा ताप वाढतो. तापमानाचा कांटा चढूं लागला कीं सुरक्षित जागीं थांबावें. उतारावर, ज्या गिअरनें चढलों असतों त्याच खालच्या गिअरनें उतरावें. सतत पाय ठेवून तापविलेले ब्रेक पायथ्याजवळ दगा देतात, आणि तेथेंच त्यांची अधिक गरज असते.

निघाल्यावर पहिला थांबा पनवेलच्या अलीकडेच घ्यावा. चाकाजवळ हात नेऊन ऊन लागतें काय पाहावें, चाकांच्या नटांवर पान्हा फिरवावा, दोऱ्या व सांखळ्या तपासाव्या. सामान पहिल्या तासाभरांतच बसतें व दोऱ्या सैल पडतात.

ट्रेलर परत करतांनाही एक क्रम आहे. सपाट जागीं उभें राहून प्रथम ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनीं दगड लावावे, मग दिव्यांची तार काढावी, आधारचाक खालीं टेकवावें, कडी उघडावी व दांडी गोळ्यावरून उचलावी. सांखळ्या अगदीं शेवटीं सोडाव्या. ट्रेलर घेतेवेळीं त्याचे जुने ओरखडे व पोंचे यांचीं छायाचित्रें मालकादेखत काढून ठेवलेलीं असलीं, म्हणजे अनामत रक्कम परत मिळतांना बोलाचाली होत नाहीं.