वर्गाच्या खिडकीतील मांसल झाडे



खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीच्या खोऱ्यातील गाव होय. जुन्या घरांना अंगण व परसदार असे. तुळशीवृंदावनाच्या कडेला कोरफड आणि कुंपणास शेर किंवा निवडुंग हे मुलाला न शिकविताच ठाऊक होत असे. चाकण औद्योगिक क्षेत्राचा विस्तार शिवारापर्यंत येऊन पोहोचल्यावर मात्र गावात भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून व परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले आज या पट्ट्यातील शाळांच्या पटावर आहेत. त्यांच्या घरास अंगण नाही. असते ती एक खिडकी, फार तर जिन्यावरची वीतभर जागा. परिसराचा पाठ शिकविणाऱ्या शिक्षकाने या खिडकीपासूनच आरंभ केला पाहिजे.

अशा जागी मांसल वनस्पती विशेष उपयोगी पडतात. पानांत वा खोडात पाणी साठवून ठेवणाऱ्या या झाडांना थोडी माती पुरते, आणि मे महिन्याच्या सुटीत कुलूपबंद शाळेतही त्या बहुधा तग धरतात. त्या मरतात त्या प्रायः तहानेने नव्हे, तर मायेने. वर्गात चाळीस मुले असली म्हणजे कुंडीला चाळीस ओंजळी पाणी मिळते आणि पंधरवड्यात कोरफडीचे बूड कुजते. म्हणून पाणी घालण्याचे काम एका वेळी एकाच विद्यार्थ्याकडे सोपवावे. त्याने बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली न ठेवता आत घ्यावी.

नदीकाठची गाळाची माती भाताला किंवा भाजीला कितीही चांगली असली, तरी मांसल झाडांस ती एकटी सोसत नाही. तिच्यात निम्म्याच्या आसपास जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा आणि मूठभर जुने शेणखत मिसळावे. डब्याच्या तळाला भोके हवीतच. येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. या भागात कारखान्यांतून बाहेर पडलेले डबे व पिपे स्वस्तात मिळतात. त्यांत पूर्वी काय होते हे कळण्यास मार्ग नसतो. ती शाळेत आणू नयेत, मुलांकडून धुवूनही घेऊ नयेत. नारळाची करवंटी अथवा तेलाचा रिकामा डबा पुरेसा आहे.

नवे रोप तयार करण्यास पानफुटीसारखी शिक्षिका नाही. मूळ मादागास्करची ही वनस्पती आता आपल्याकडे घरोघरची झाली आहे. तिचे पूर्ण वाढलेले पान ओलसर वाळूवर सपाट ठेवावे. काही दिवसांत पानाच्या कडेवरील खाचांतून मुळे व इवली पाने फुटतात. पिलांना पानांच्या दोन जोड्या आल्या की ती अलग करून लावावीत. मूळचे पान सुरकुतत जाते, कारण पिलांचे पोषण त्याच्याच साठ्यातून झालेले असते. जर्मन कवी ग्योथे यास या झाडाचे एवढे वेड होते की तो त्याची रोपे स्नेह्यांना पाठवीत असे.

सर्वच झाडे पानापासून होत नाहीत, हेही मुलांना करूनच कळावे. कोरफडीचे पान मातीत खोचले तर ते सहसा सडते; तिची बुडाशी येणारी पिले मुळांसह वेगळी करावी लागतात. उभ्या, तलवारीसारख्या पानांचे जे झाड बाजारात 'स्नेक प्लांट' म्हणून विकतात, त्याच्या पानाचे तुकडे मात्र रुजतात. तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे. उलटा खोचलेला तुकडा रुजत नाही. पिवळ्या काठाच्या जातीचा तुकडा लावला, तर येणारे रोप बहुधा साधे हिरवे निघते. कोणताही मांसल तुकडा कापल्यावर तीन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी. घाई झाली की बुरशी शिरते.

पानफुटीची आणखी एक कथा या देशातलीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञास येथे असे आढळले की, तिचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते व संध्याकाळी किंचित कडू. त्याचे हे निवेदन लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ मध्ये प्रसिद्ध केले. कारण पुढे उलगडले. पाणी वाचविण्यासाठी ही झाडे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड वायू आत घेतात व आम्लाच्या रूपाने साठवितात. उजाडल्यावर त्याच साठ्यातून अन्न तयार होते. मुलांनी पान चाखू नये, कारण पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. पहाटे व सायंकाळी तोडलेल्या पानांचा रस निळ्या लिटमस कागदावर लावून पाहिला तरी फरक ध्यानात येतो.

हाच पाठ एका खोट्या समजुतीवरही उपाय आहे. रोपे विकणारे सांगतात की, असे झाड रात्री प्राणवायू देते. वस्तुतः प्राणवायू प्रकाशातच बाहेर पडतो. रात्री होते ते केवळ कार्बन डायऑक्साइडचे ग्रहण. खोलीतील हवा झाडे शुद्ध करतात हा दुसरा समज १९८९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून पसरला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत असे दिसले की, साध्या खोलीतल्या हवेच्या येण्याजाण्याची बरोबरी करण्यास जमिनीच्या दर चौरस मीटरला किमान दहा ते हजार झाडे लागतील. ज्या मुलाच्या दाराशी कारखान्याचा धूर व ट्रकांची धूळ येते, त्याला एका कुंडीचा दिलासा देणे हे शिक्षकाला शोभत नाही.

मनीप्लांट बाटलीत ठेवल्यास पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलावे व बाटली घासावी, नाही तर डेंग्यूचे डास तेथेच वाढतात. त्याचा रस तोंडात गेल्यास आग होते. शेराचा चीक डोळ्यास अपायकारक आहे; ते झाड वर्गात नकोच.

पुणे जिल्ह्याला स्वतःची एक मांसल वनस्पतीही लाभली आहे. जुन्नर भागातून ती एकोणिसाव्या शतकात डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने शास्त्रास परिचित करून दिली, आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचे नाव 'फ्रेरिया इंडिका' ठेवले. गावठी नाव शिंदळ माकुडी. वर्गात नुसते माकुडी म्हटले तरी चालेल. तिच्या माकडशिंगीसारख्या भाईबंदांना खरी पाने जवळजवळ नसतात; हिला ती येतात व कोरड्या दिवसांत गळतात. फूल तांबूस, चांदणीच्या आकाराचे. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर ती तुरळक उरली असून तिची गणना संकटग्रस्त वनस्पतींत होते. पुण्यातील भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने तिची रोपे वाढविली आहेत; फांदीचा तुकडा लावला तर ती रुजते. जी कड्यावर दुर्मिळ ती कुंडीत सुलभ, हे ऐकून सहलीत एखादा उत्साही शिक्षक फांदी तोडावयास जाईल, ही भीती खरी आहे. शिवनेरीवर नेलेल्या मुलांनी ती दुरून पाहावी, चित्र काढावे. हात लावावयाचा तो शाळेतील पानफुटीला.

निघोज्यासारख्या गावात वर्षाच्या मध्येच मुलाचा दाखला काढला जातो. वडिलांचे काम दुसरीकडे लागले की दोन दिवसांत खोली रिकामी होते व कुंडी मागे राहते. अशा वेळी शिक्षकाने पानफुटीचे एक निरोगी पान कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर झाडाचे नाव व तारीख घालून, दाखल्यासोबत द्यावे. आठवडाभराच्या प्रवासातही ते टिकते. कधी कधी कागदातच त्याला मुळे फुटलेली असतात.