भाज्याचे चौदा स्तूप



भाताची लावणी उरकली की सगळा मावळ हिरवा होतो. मळवलीला उतरून भाजे लेण्याच्या पायऱ्या चढा आणि मागे वळून बघा. खाचरांचे बांध सोडले, तर त्या हिरव्या रंगात कुठे रेघ नाही की डाग नाही.

इंग्लंडमधली शेतं मात्र कोरड्या उन्हाळ्यात बोलू लागतात. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेल्या ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी पुढे तीच नजर शेतांकडे वळवली. १९२८ साली अलेक्झांडर कीलर यांच्यासोबत त्यांनी हवाई छायाचित्रांचं पुस्तक काढलं. तिथल्या शेतांत हजारो वर्षांपूर्वी मृतांवर रचलेले मातीचे उंचवटे नांगराखाली सपाट झाले होते. पण भोवतीचा चर बुजला, तरी तिथली माती खोल आणि ओल धरणारी राहिली. आजूबाजूचा सातू पिवळा पडला, तरी चरावरचा हिरवाच राहतो, आणि विमानातून शेतात गोल कडं दिसतं.

आपल्या खाचरात हे व्हायचं नाही. पाणी तुंबवून वाढवलेल्या भाताला सगळीकडे सारखीच ओल. शिरूर तालुक्यात इनामगावला तर मृतांवर उंचवटाही रचत नसत. तिथे तीन हजार वर्षांपूर्वी गेलेलं मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत.

मावळातले उंचवटे कातळाचे आहेत. भाज्याचं चैत्यगृह पाहून पुढे गेलं की स्तूपांचा एक घोळका लागतो. पाच आत, नऊ बाहेर. स्तूप म्हणजे मुळात अस्थींवर रचलेला मातीचा ढीग. इथं तोच डोंगरातून कोरून काढला आहे. लहानमोठे, एकमेकांना खेटून उभे असलेले हे चौदा स्तूप म्हणजे इथंच राहून वारलेल्या भिक्खूंची स्मारकं. त्यांच्यावरच्या लेखांतून तिघांची नावंही कळतात : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. सातूतल्या त्या कड्यांखाली कोण निजलं होतं, हे कधीच कळणार नाही. भाज्याला मात्र माणूस नावानिशी भेटतो. मला या ठेव्याचं फार अप्रूप आहे, म्हणूनच पावसाळ्यातली गर्दी तिथून तशीच धबधब्याकडे जाते तेव्हा जीव हळहळतो.

पाऊस सरल्यावर जा. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, तेव्हा दुपार कलल्यावरच जा. तिरप्या उन्हात बाहेरच्या स्तूपांची गोलाई उठून दिसते. तिथं उभं राहून ती तीन नावं एकदा मोठ्यानं म्हणा.