महाविद्यालयाची नोंद: काय घ्यावे, काय गाळावे

एखाद्या महाविद्यालयावर ज्ञानकोशात नोंद लिहावयाची ठरली, की लेखकापुढे प्रथम येऊन पडतात त्या त्या संस्थेच्या रौप्य, सुवर्ण आणि शतसांवत्सरिक महोत्सवांच्या स्मरणिका. आणि त्या ज्याने चिकाटीने वाचल्या आहेत त्याला ठाऊक असते, की त्यांत प्राचार्यांची नामावळी, देणगीदारांचे ऋणनिर्देश, क्रीडांगणाची लांबीरुंदी हे सारे सापडते, मात्र संस्थेने केले काय, हे दिवा घेऊन शोधावे लागते. कोशकाराचे काम या ढिगाला आणखी चार ओळी जोडण्याचे नसून, त्यातील बहुतेक भाग निर्दयपणे गाळण्याचे आहे.

आपल्या पुण्यातलेच डेक्कन कॉलेज घ्या. पेशवाई बुडून जेमतेम तीन वर्षे लोटली होती, तोच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज या नावाने संस्कृत पाठशाळा सुरू केली, ही तारीख कोणतीही स्मरणिका ठळक अक्षरांत छापील. परंतु कोशाच्या वाचकाला तारखेपेक्षा अधिक हवे ते हे, की श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा पेशव्यांचा जो रिवाज होता, त्याच दक्षिणेच्या रकमेतून या पाठशाळेच्या खर्चाची तरतूद झाली, आणि त्यामागे विद्याप्रेमाइतकाच, राज्य गमावलेल्या शहरातील शास्त्रीवर्गाला नव्या सरकाराविषयी रुष्ट होऊ न देण्याचा मुत्सद्दी हिशेबही होता. दानधर्माचा खर्च शिक्षणखात्याचा झाला, हा पालट ज्या नोंदीत नाही ती नोंद अपुरी.

पुढची नामांतरे एका वाक्यात आटोपावीत: 1851 मध्ये पूना कॉलेज, 1864 मध्ये डेक्कन कॉलेज, आणि 1868 मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत स्थलांतर. येथे एक गफलत मात्र टाळली पाहिजे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 मध्ये, म्हणजे कॉलेज विद्यापीठाहून वयाने वडील. तरीही परीक्षा व पदव्या विद्यापीठाच्या आणि अध्यापन कॉलेजाचे, अशी वाटणी झाल्यावर, विद्यापीठाच्या जमेच्या रकमा कॉलेजाच्या खात्यावर लिहिण्याचा मोह लेखकाला सुटत नाही. तो सुटावा.

आता नामवंतांचा प्रश्न. येथेच खरी भांडणे होतात. पुण्याच्या या पाठशाळेवर अधिकारी म्हणून आलेले मेजर थॉमस कँडी यांचे नाव प्राचार्यांच्या यादीत नुसते टांगून ठेवण्यात हशील नाही. मराठी गद्यात विरामचिन्हे रुळविण्याच्या कामी त्यांचा हात होता, एवढे सांगितले म्हणजे नावाला अर्थ येतो. पुढे बुद्धचरित्रावरील काव्यामुळे गाजलेले एडविन अर्नोल्ड येथे प्राचार्य होते, ही माहिती रंजक खरी, पण तिला एका ओळीहून अधिक जागा देऊ नये. टिळकांचे काय? वसतिगृहातील त्यांची खोली स्मारक म्हणून जपलेली आहे आणि ते योग्यच आहे. पण कोशात टिळकांचे चरित्र ‘टिळक’ या शब्दाखाली येणार, ते येथे पुन्हा कशाला? येथे यावे ते एवढेच, की टिळक व आगरकर याच कॉलेजात शिकत असता देशी शिक्षणसंस्थेचा जो विचार त्यांच्या मनात पक्का झाला, त्यातून 1880 मध्ये चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. सरकारी कॉलेजाच्या पोटी त्याचा प्रतिस्पर्धी जन्मला. हे संस्थेचे वृत्त आहे, केवळ माणसांचे नव्हे. माझी कसोटी तीच आहे.

स्मरणिका जेथे घाईने पुढे सरकतात तेथे कोशाने थांबावे, असे मी म्हणतो ते 1934 सालाविषयी. काटकसरीच्या नावाखाली सरकारने हे कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी न्यायालयापर्यंत धाव घेतली, आणि 1939 मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था या नव्या रूपात ते पुन्हा उघडले. ज्या संस्थेला पाच वर्षे कुलूप होते, तिच्या नोंदीत त्या कुलपाला एक परिच्छेद मिळावा, सत्कारसमारंभांना अर्धी ओळही नको. कारण पुढचे सगळे त्या कुलपानंतरचे: भाषाशास्त्रात सु. मं. कत्रे, पुरातत्त्वात ह. धी. सांकलिया, मानवशास्त्रात इरावती कर्वे. 1990 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यापासून ‘कॉलेज’ हे केवळ नावापुरते उरले आहे, हेही वाचकाला सांगावे, नाहीतर तो बी.ए.च्या प्रवेशाची चौकशी करीत येरवड्याला जाऊन उभा राहील!

राहता राहिला कत्र्यांनी 1948 मध्ये हाती घेतलेला ऐतिहासिक तत्त्वांवरील बृहत् संस्कृत कोश. कोशकाराने दुसऱ्या कोशकाराविषयी लिहिताना हात सैल सोडावा, हा पक्षपात मी कबूल करतो. या कामाला मी विस्ताराने जागा देईन. असंख्य संस्कृत ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्यांची कपाटे भरली, पहिला भाग छापून बाहेर पडला तो 1976 मध्ये, आणि इतक्या दशकांच्या परिश्रमानंतर प्रसिद्ध झालेले त्याचे सर्व भाग मिळून अजून ‘अ’ या एकाच अक्षरात आहेत.