ताट आमचे, भूक मुलांची
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकून. शिक्षण कला शाखेचे. आहारावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की आमच्या घरी रोज रात्री जेवणावरून भांडण होत असे आणि आता ते बहुतेक थांबले आहे.

आमची लेक आठ वर्षांची. ताटे वाढली की आमचे सुरू व्हायचे. "भाजी संपव." "संपवलीस तर चॉकलेट." "नाही संपवलीस तर टीव्ही बंद." लेक रडायची, तिची आई चिडायची आणि आमचे वडील म्हणायचे, "आम्ही मिलो खाऊन दिवस काढले, अन् हिला मेथी नको!"

वडिलांचा राग खोटा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे, तिलाच लोक मिलो म्हणत. दुष्काळी कामावर सुकडी मिळे. ज्यांनी ती वर्षे काढली त्यांना ताटात टाकलेला घास पाहवत नाही. इथे बसलेल्या अनेकांच्या घरी असे वडीलधारे असतील. त्यांचा उपदेश भुकेतून आलेला आहे, हे तरुणांनी विसरू नये.

अशात आमच्या वाचनात एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचे विचार आले. त्या कुटुंबांना समुपदेशनही करीत. मुलांच्या खाण्यावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९८३ साली निघाले. त्यांचे सांगणे सोपे आहे. घरात कामाची वाटणी करतो तशी जेवणाचीही करावी. काय शिजवायचे, केव्हा जेवायचे आणि कुठे बसायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे आणि वाढलेल्यातले काय खायचे, हे मुलांनी ठरवावे. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालू नये.

आम्हाला हे प्रथम पटले नाही. मुलांवर सोडले तर ती गोडधोडच खातील, असे वाटले. परंतु क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९२० च्या दशकात केलेला प्रयोग पाहा. त्यांनी नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बाळांपुढे तीसहून अधिक साधे पदार्थ ठेवले आणि निवड बाळांवर सोपवली. बाळांनी कधी एकच पदार्थ भरपूर खाल्ला, कधी तो सोडूनही दिला. पण ती उत्तम वाढली. मात्र समोर ठेवलेल्या पदार्थांत साखर घातलेले काहीच नव्हते. म्हणजे निवड बाळांची, पण ताट मोठ्यांचे. पुढे १९९१ साली लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचे खाणे मोजले. एका जेवणाला कमी, दुसऱ्याला जास्त असे होई. पण दिवसाची बेरीज जवळपास तीच निघे. आम्ही बँकेतली माणसे. रोजचा गल्ला कमी-जास्त होतो, महिन्याचा हिशोब जुळतो, हे आम्हाला लगेच कळले.

मग घरी चार नियम केले. जेवण साडेआठला, सर्वांनी एकत्र, मोबाईल दूर. मधल्या वेळचे खाणे ठरल्या वेळी. एरवी फक्त पाणी. लेकीसाठी वेगळा स्वयंपाक नाही, पण वरणभातासारखे तिच्या ओळखीचे काहीतरी पानात असणारच. आणि गोड केले तर ते जेवणाबरोबर थोडे वाढायचे, बक्षीस म्हणून नाही. बक्षीस दिले की मूल इतकेच शिकते, की भाजी ही शिक्षा आहे.

चमत्कार झाला नाही. मेथी कित्येक आठवडे ताटाच्या कडेला पडून होती. नवा पदार्थ मुलाने स्वीकारण्यापूर्वी दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, असे तज्ज्ञ सांगतात. एके दिवशी तिने आईच्या ताटातली चिमूटभर उचलली. आम्ही मान खाली घालून जेवत राहिलो. तेच सर्वांत अवघड होते!

मात्र मुलाचे वजन घटत असेल, ते मलूल राहत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. तिथे भाषणे उपयोगाची नाहीत.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. सॅटरबाईंनी २००७ साली अन्नाच्या गरजांची एक उतरंड मांडली. सर्वांत खाली पोटभर अन्न. मग ते मानाने मिळणारे, मग उद्याही मिळेल याची खात्री, मग चव, मग नवे पदार्थ आणि सर्वांत वर आरोग्यासाठी निवडून खाणे. ज्या घरात खालची पायरीच डळमळीत आहे, तिथे जाऊन 'पालेभाज्या खा, फळे खा' सांगणे हा अन्याय आहे. तिथे आधी धान्य पोचले पाहिजे. शिक्षण घेऊन नोकरीस लागणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वसतिगृहात राहणाऱ्यांनी एवढे तरी करावे: जेवण टाळू नये, आणि जेवताना घाई करू नये.

राहिले आमचे वडील. अन्न वाया जाऊ नये हा त्यांचा हट्ट, आणि जबरदस्ती नको हा आमचा. मेळ कसा घालायचा? उत्तर सापडले ते वाढण्यात. आधी थोडेच वाढायचे; लागेल तसे मागून घ्यायचे. आता टाकलेले फारसे उरत नाही.

परवा वडील स्वतः नातीला वाढत होते. पळीभर भात घातला, हात थांबवला आणि विचारले, "पुरे का गं?"

ती म्हणाली, "अजून थोडा, आजोबा."

मिलोच्या दिवसांत त्यांना असे कुणी विचारले नव्हते. आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाला ते विचारले जावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम!