फ्लॅटला नॉमिनी आहे, मिठूला कोण?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



25 वर्षांत आपण सगळ्यांनी फ्लॅटच्या नॉमिनेशनचा फॉर्म भरला. मीही भरला. पण गेल्या पावसाळ्यात छातीत दुखून चार दिवस दवाखान्यात होतो, तेव्हा काळजी फ्लॅटची नव्हती, मिठूची होती. वॉचमन बिचारा दाणा टाकायचा. घरी आलो तर मिठूने स्वतःची छातीवरची पिसं उपटलेली.

मिठू आफ्रिकन ग्रे पोपट. वय 11. नीट सांभाळला तर हा पक्षी 40-50 वर्षं जगतो. माझं वय 71. हिशेब तुम्हीच करा.

मुलाकडे विषय काढला. तो म्हणाला, "बाबा, असलं अभद्र बोलू नका." अहो, अभद्र काय त्यात? रतन टाटा ऑक्टोबर 2024 मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्रात टिटो कुत्र्याची सोय केल्याच्या बातम्या आपण वाचल्याच.

वकिलांना विचारलं. जनावराच्या नावावर पैसा ठेवता येत नाही, सांभाळणाऱ्या माणसाच्या नावावर ठेवायचा. आपली सही, दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही. पण मृत्युपत्र उघडेपर्यंत तेरावा होऊन जातो, मिठूला त्याच संध्याकाळी भूक लागते. म्हणून वेगळी चिठ्ठी लिहिली: खातो काय, झोपतो कधी, चॉकलेट विष, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनेही जीव जातो.

कागदाचंही बघा. अशा परदेशी पक्ष्याची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर लागते. मालक बदलला, पक्षी मेला, तेही कळवायचं. आपला देशी हिरवा पोपट मात्र वन्यजीव कायद्याने घरात ठेवताच येत नाही.

आणि मालक गेला म्हणून पक्षी गच्चीवरून उडवून देणं, परदेशी कासव बिंदुसरेत सोडणं ही सुटका नव्हे. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी उपाशी मरतो, आणि ते कासव नदीतल्या जीवांच्या मुळावर येतं.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आधी आठ दिवस राहू द्या माझ्याकडं, जमतंय का बघू." दोन दिवस मिठूने नीट खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातून जांबाची फोड घेतली. मी जिन्यात उभा होतो. आतून माझ्याच आवाजात तो विचारत होता, "चहा झाला का?"

आता एक किल्ली वहिनींकडे असते. तुम्हीही आज घरी जाऊन एक नाव लिहा. पण त्या माणसाला आधी विचारा.