चेहऱ्याची त्वचा: वय किती, ऊन किती?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



दरवेळी मी तणनियंत्रणावर बोलतो. आजचा विषय चेहऱ्याचा आहे हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण शेतात राबणाऱ्या माणसाचा चेहरा चाळिशीतच साठीचा दिसू लागतो आणि 'वय झाले' म्हणून आपण ते सोडून देतो.

वय किती आणि ऊन किती, हे घरी पाहता येते. दंडाची आतली, काखेकडील बाजू आरशात चेहऱ्याशेजारी धरावी. दोन्हींचे वय एकच. दंडाची कातडी पातळ, थोडी सैल झाली असेल तर ते वयाचे काम. चेहऱ्यावर त्याहून जास्त दिसते ते, म्हणजे खोल सुरकुत्या, राठपणा, काळे डाग, मानेमागे शंकरपाळ्यासारख्या चौकटी, बहुतेक उन्हाचे असते. विडी-सिगारेट त्यात भर घालते.

उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेला घट्टपणा देणारे तंतू तुटतात. यातले काही किरण काचेतूनही आत येतात. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र आले होते. २८ वर्षे गाडी चालवून त्याची खिडकीकडील डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी झाली होती. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना तर काचही नसते.

सकाळी १० ते दुपारी ४ हे ऊन जास्त बाधते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की तोंड झाकावे. गांधी टोपीला कड नसल्याने चेहऱ्यावर सावली पडत नाही. फेट्याचा शेमला मानेवर घ्यावा, रुंद काठाची टोपी मिळाल्यास उत्तमच. भगिनींनी खुरपणीला, कापूस वेचणीला सुती रुमाल गालापर्यंत बांधावा. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन चांगले, पण दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते आणि घामाने उतरते. माझ्या मते शेतकऱ्याने पहिला पैसा टोपीवर खर्चावा. आंघोळीनंतर ओलसर त्वचेवर लावलेले खोबरेल ओलावा टिकवते, ऊन मात्र अडवत नाही. लिंबू चोळून उन्हात गेल्यास चेहरा भाजून काळे डाग पडतात.

आता माझ्या तणाकडे येतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेले गाजर गवत आज बांधाबांधावर आहे. ज्यांना त्याची ॲलर्जी होते, त्यांच्या पापण्या, मान, कोपराची लवण आधी खाजतात. खाजवून खाजवून कातडी जाड व काळपट होते, कपाळावर घड्या पडतात आणि माणूस म्हातारा दिसतो. उन्हाच्या सुरकुत्या सहसा खाजत नाहीत, हा फरक लक्षात ठेवावा. गवत फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून व तोंड झाकून मुळासकट उपटावे. एकदा ॲलर्जी झालेल्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. वाळलेल्या गवताची धूळही चालत नाही, म्हणून त्याचा ढीग घराजवळ रचू नये.

वांग किंवा खाज यांवर दुकानातून 'गोरे करणारे' मलम आणण्याची पद्धत फार वाईट आहे. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते. आठवड्यात चेहरा उजळतो, म्हणून शेजारीणही तेच आणते. महिनोन्महिने लावल्यावर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात आणि मलम थांबवले की आग होते. अशा वेळी ते परत लावत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

महिनाभरात न भरणारी जखम, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, वारंवार खपली धरून रक्त येणारा डाग, खालच्या ओठावरचा पांढुरका राठ चट्टा, यांपैकी काही आढळल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. जाताना वापरात असलेली मलमाची नळी बरोबर न्यावी. नाव सांगता आले नाही तरी ती पाहून डॉक्टरांना आत काय आहे ते कळते.