बसलेला आवाज



आपल्या महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात घसा बसणे ही नवलाची गोष्ट नव्हे. ज्येष्ठमध चघळावा, हळदीचे दूध प्यावे, चार दिवसांत आवाज सुटतो. पण तीन आठवडे लोटले तरी तो सुटला नाही, तर काय समजावे?

मोठ्या माणसांच्या स्वरयंत्रात कधी कधी चामखिळीसारखे कोंब उगवतात. त्यांना पॅपिलोमा म्हणतात. त्यांचे मूळ म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणू, आणि त्यातही बहुधा ६ व ११ या क्रमांकांचे प्रकार. त्याच कुळातले १६ आणि १८ हे खरे दुष्ट. गर्भाशयमुखाचा कर्करोग या विषाणूंमुळे होतो हे दाखविल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञास २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मानाने ६ आणि ११ सौम्य. म्हणून ही गाठ 'साधी' म्हणायची.

पण साधी म्हणजे निर्धोक नव्हे. कोंब काढला तरी विषाणू शेजारच्या त्वचेत दडून राहतो, आणि कोंब पुन्हा उगवतो. वाढला तर श्वासाची वाट अडवतो. शिवाय शंभरांतल्या थोड्या रोग्यांत पुढे त्याचा कर्करोग होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास हे भय अधिक. पूर्वी या गाठींवर किरणोपचार करीत. त्यानेच धोका वाढतो असे दिसल्यावर ती रीत सोडावी लागली.

एकदा 'कर्करोग नाही' असा निर्वाळा मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नये. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याच्या घशातला तुकडा १८८७ साली फिरखो या थोर पंडिताने तपासला. त्यात कर्करोग दिसला नाही. १८८८ च्या जूनमध्ये, अवघे ९९ दिवस राज्य करून, तो सम्राट घशाच्या कर्करोगानेच गेला. तुकडा सांगतो ते त्या तुकड्यापुरते आणि त्या दिवसापुरते.

विषाणू वेळीच ओळखला तर काय साधते, हे आपल्या मराठवाड्याने दाखविले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाची एकदाच विषाणूचाचणी केली, त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सीरम संस्थेची ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवरची लस २०२३ साली आली. ती संसर्ग टाळते, जडलेला रोग बरा करीत नाही. म्हणून ती वेळेवर, कोवळ्या वयातच द्यावयाची.

घशासाठी मात्र तशी सरसकट चाचणी नाही. तेथे पहारेकरी एकच, आपला कान. आणि आवाज बदलला हे बोलणाऱ्याआधी घरच्यांना कळते. तेव्हा कर्करोगाच्या नुसत्या नावाला भिऊन, किंवा विषाणूची लाज धरून, कोणी घरी बसू नये. हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की बहुतेकांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. तीन आठवडे आवाज बसलेला राहिला, तर आपल्या माणसाला हाताला धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, आणि दुर्बिणीने घसा पाहून घ्या. तपासणी थोड्या मिनिटांची आहे. गेलेला आवाज मात्र सहजी परत येत नाही.